सहल घरच्यांची, पहाट नदीची: तीर्थन खोऱ्यात फ्लाय फिशिंग कसं बसवावं

प्रश्न: मे महिन्यात पुण्याहून आठ दिवसांसाठी हिमाचलला जातोय. सोबत पत्नी, 13 वर्षांची मुलगी, 9 वर्षांचा मुलगा आणि आई. आई माळकरी आहे. फ्लाय फिशिंग, म्हणजे कृत्रिम किडा टाकून मासा धरणं, शिकायची माझी फार दिवसांची इच्छा आहे. शिमला-कुलू-मनालीच्या सहलीत ते कुठे बसवता येईल? घरच्यांचा हिरमोड व्हायला नको. मुलांना शिकवता येईल का, आणि सामान आत्ताच विकत घ्यावं का?

उत्तर: शिमला-कुलू-मनालीत ते बसणार नाही, हे आधीच सांगतो. त्या सहलीत रोजचा अर्धा दिवस गाडीत जातो आणि उरलेल्या अर्ध्यात प्रत्येकाला काहीतरी बघायचं असतं. तुम्ही नदीकडे निघालात की कुणाची तरी मॉल रोडची संध्याकाळ जाते, कुणाचं हिडिंबा मंदिर राहून जातं. मग पाण्यात उभं राहूनही लक्ष घड्याळाकडेच. म्हणून माझा सल्ला असा की मुक्काम एकाच ठिकाणी करा आणि तोही अगदी नदीकाठी. खोलीतून निघून पाच मिनिटांत पाण्यापाशी पोचता आलं, तर घरचे उठायच्या आत तुमचे तीन तास पदरात पडतात आणि नाश्त्याला तुम्ही सगळ्यांबरोबर बसलेले असता. घरच्यांच्या जागेपणातला वेळ मागायचा नाही, त्यांच्या झोपेतला घ्यायचा. बाकीची सगळी आखणी यातूनच निघते.

तुमच्या कुटुंबाला साजेशी जागा माझ्या मते कुलू जिल्ह्यातलं तीर्थन खोरं. चंडीगडहून मंडीमार्गे औटपर्यंत यायचं आणि औटच्या बोगद्यात न शिरता लारजीवरून बंजारचा रस्ता धरायचा. बंजारच्या पुढे नागिणी, गुशैणी ही गावं नदीला लागूनच आहेत आणि तिथली बरीच होमस्टे अक्षरशः काठावर आहेत. उंची साधारण दीड हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे आईला किंवा मुलांना विरळ हवेचा त्रास होत नाही. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, 2014 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेलं. या नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून इथल्या लोकांनी दीर्घ लढा दिला. माजी आमदार दिलाराम शबाब त्यात पुढे होते. शेजारच्या सैंज आणि पार्वती नद्यांवर धरणं आणि बोगदे झाले, तीर्थन मात्र अजून मोकळी वाहते. गळ टाकणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

काश्मीरमध्ये पहलगामची लिद्दर मोठी आणि सुंदर नदी आहे, पण तिथे नदीचे ठरलेले टप्पे असतात आणि तुमच्या तारखेचा टप्पा आधी मिळवावा लागतो. मुन्नारलाही ट्राउट (थंड, वाहत्या पाण्यातला मासा) आहे, पण नवशिक्याला वाहतं पाणी वाचायला शिकायचं असेल तर मी हिमाचलच सुचवीन. मंडी जिल्ह्यातलं बरोट हा चांगला दुसरा पर्याय. उहल नदी लहान आहे, गाव शांत आहे, फक्त घरच्यांना फिरायला ठिकाणं कमी.

एक गोष्ट घरात आत्ताच बोलून घ्या. मे महिन्यात तीर्थनला बर्फ नसतं. मुलांच्या डोक्यात बर्फच असेल तर शेवटच्या दोन रात्री मनालीला ठेवा आणि अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलच्या बाजूला जाऊन या. गुशैणीहून मनाली एका दिवसात जाऊन येण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. सगळा दिवस घाटात जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठायची ताकद उरत नाही. आठातले चार-पाच दिवस तीर्थनला मिळाले तरी तुमचं काम होतं.

आता नदीचं वेळापत्रक. दिवसा उन्हाने वर बर्फ वितळतं, पण ते पाणी खाली यायला काही तास लागतात. त्यामुळे नदी दुपारनंतर चढते, किंचित गढुळते, आणि पहाटे सगळ्यात उतरलेली आणि नितळ असते. शिवाय दुपारी खोऱ्यातून वरच्या दिशेने वारा सुटतो. हलकी फ्लाय टाकणाऱ्या नवशिक्याला तो वारा हैराण करतो. तेव्हा साडेपाच ते साडेआठ ही तुमची वेळ. खरं तर मासा सगळ्यात जास्त हलतो तो त्याच्या नंतर, ऊन पाण्यावर आल्यावर, नऊ ते अकराच्या सुमारास. पहाटेच्या गारठलेल्या पाण्यात तो तळाशी सुस्त असतो, म्हणून फ्लायही तळाशीच न्यावी लागते. म्हणून मुक्कामातली एक सकाळ, एकच, घरच्यांकडून रीतसर मागून घ्या आणि त्या दिवशी दुपारपर्यंत गाइडबरोबर राहा. त्या सकाळी बाकीच्यांसाठी जलोडी खिंडीची गाडी सांगून ठेवा. खिंडीपासून सेरोलसर तलावापर्यंत देवदार आणि खरसू ओकच्या जंगलातून साधारण पाच किलोमीटरची सोपी वाट आहे, मुलांना जमते. आईला तेवढं चालणं नको असेल तर बंजारजवळ शृंग ऋषींचं मंदिर आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला चैहणी गावातला लाकूड-दगडाचा उंच बुरूज. देवळापर्यंत फार चढ नाही, बुरुजापर्यंत मात्र आहे.

संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर पाण्यावर किडे उडायला लागले तर तासभर आणखी मिळतो. पण ती वेळ घरच्यांबरोबर काठावर चहा पिण्याची आहे. रॉड खोलीत राहिला तरी चालेल. किडे कुठे उडतात आणि मासा कुठे उसळतो ते नुसतं बघा, दुसऱ्या दिवशी पहाटे कुठे उभं राहायचं ते तिथेच ठरतं.

शिकण्याबद्दल थोडं खोलात सांगतो, कारण चार दिवसांत काय शक्य आहे याचा लोकांचा अंदाज चुकतो. आपल्याकडे कोकणात गरवायला जातात तेव्हा वजन गळाला किंवा शिशाला असतं आणि ते वजन दोरीला ओढून नेतं. इथे उलट आहे. फ्लाय म्हणजे पिसं-लोकर बांधलेला इवलासा गळ, त्याला वजन जवळजवळ नाहीच. वजन जाड लाइनमध्ये असतं आणि लाइन फ्लायला घेऊन जाते. म्हणून हात जोरात मारून उपयोग होत नाही. रॉड मागे न्यायचा, थांबायचं, लाइन मागे पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढे आणायचा आणि पुन्हा ठाम थांबायचं. हातोडीने खिळा ठोकताना शेवटी मनगट जसं थांबतं, तसं. सगळं कसब त्या थांबण्यात आहे.

हे पुण्यातच शिकून जा. निघायच्या तीन आठवडे आधी रोज संध्याकाळी वीस मिनिटं सोसायटीच्या हिरवळीवर किंवा मैदानात, गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून सराव करा. सिमेंटवर करू नका, लाइन खरवडते. आठ-नऊ मीटरवर ठेवलेल्या पाटावर लोकर पडायला लागली की पुरे. त्याहून लांब फेकायची तीर्थनवर गरजच पडत नाही, कारण ही मोठमोठ्या धोंड्यांची नदी आहे. मासा दूरच्या डोहातच असतो असं नाही, तुमच्यापासून चार-पाच मीटरवर धोंड्यामागच्या शांत पाण्यातही असतो.

आता तिथे काय करायचं ते बघा. घोट्यापर्यंतच्या पाण्यात, धोंड्याच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभे राहा. मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणजे तुम्ही त्याच्या पाठीमागे आलात. लाइनच्या टोकाला बांधलेला लीडर, म्हणजे पारदर्शक बारीक दोरा, साधारण नऊ फुटांचा, त्याच्या टोकाची बारीक दोरी चार किंवा पाच एक्स (हे जाडीचं माप). तिला जड मण्याची निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी फ्लाय, बांधा. फेझंट टेल किंवा हेअर्स इअर या प्रकारची, बारा-चौदा नंबरच्या गळावरची असली की भागतं. धोंड्याच्या बाजूने जिथे फेसाळ पाणी आणि शांत पाणी यांची शीव दिसते, तिच्या वरच्या टोकाला निम्फ टाका. लगेच रॉडचं टोक उंच धरा, जेणेकरून जाड लाइन वेगवान पाण्यावर पडणार नाही. पडली की ती फ्लायला फरफटत नेते, आणि फरफटणारी फ्लाय ट्राउट घेत नाही. मग रॉडचं टोक प्रवाहाच्या वेगाने आपल्याकडे आणत राहा आणि लीडर पाण्यात शिरतो त्या बिंदूवर नजर ठेवा. सुरुवातीला तिथे भडक रंगाचा छोटा तरंगक बांधलात तर सोपं जाईल. तो बिंदू क्षणभर अडखळला, किंचित बाजूला सरकला, बुडाला, यातलं काहीही झालं की मनगट उचला. दहापैकी आठ वेळा तो दगड असतो. तरीही उचलायचं, कारण ट्राउटला फ्लाय खोटी आहे हे कळायला क्षणभर पुरतो. एका धोंड्याला पाच-सहा वेळा टाकून पुढच्या धोंड्याकडे सरका. एकाच जागी तासभर उभं राहणारे लोक बघतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण ते पाणी पहिल्या दहा मिनिटांतच संपलेलं असतं.

मागे झाडी असेल तर रोल कास्ट लागतो. त्यात लाइन मागे जातच नाही, पाण्यावरूनच गुंडाळत पुढे जाते. गाइडकडून पहिल्याच दिवशी तेवढा घटवून घ्या. काठावरच्या आल्डरच्या फांद्यांमध्ये फ्लाय अडकवण्यात पहाट जायला नको.

पहिल्या खेपेला मासा नाही मिळाला तरी नवल नाही. तीर्थनमधली ब्राउन ट्राउट जंगली आहे आणि सावध आहे. ती मूळची इथली नव्हेच. 1909 च्या सुमारास हॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याने कुलूत कटराईंजवळ महिली इथे हॅचरी (मत्स्यबीज केंद्र) काढून ती आणली. ती हॅचरी पुढे 1947 च्या पुरात गेली, पण तोवर मासा नद्यांमध्ये रुजला होता. इथला मूळचा मासा म्हणजे गुगली, स्थानिक लोक स्नो ट्राउटला असंच म्हणतात. तो गळाला लागला तर नक्की सोडा.

आता आईंचा मुद्दा, कारण तुमच्या प्रश्नात मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईसमोर काठावर मासा मारणं म्हणजे तिची सहल तिथेच संपवणं. तुम्ही मासा सोडणार आहात हे त्यांना आधी सांगा आणि खरोखर सोडा. माझं स्वतःचं मत तर असं की तीर्थनमधली जंगली ब्राउन कुणीच मारू नये. खायचीच असेल तर संवर्धन केंद्रातली रेनबो ट्राउट होमस्टेवाले आणून देतात. सोडायचा म्हणजे नीट सोडायचा. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकायचा, हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्या जागी बुरशी धरते. मासा जाळीत, पाण्यातच ठेवायचा. फोटो हवा असेल तर मोबाइलवाल्याने आधी तयार राहायचं, मासा पाण्याबाहेर दोन-तीन सेकंदच काढायचा. मग तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरायचं, कल्ले नीट चालायला लागले की तो आपणच निघतो.

तुमचा मुलगा विचारेल, सोडायचाच तर पकडायचा कशाला? आईही विचारतील. त्याचं गोड उत्तर नाही. माशाला त्रास होतो हे खरंच आहे, तो कमीत कमी व्हावा म्हणून आपण काळजी घेतो आणि त्या बदल्यात नदी किती जिवंत आहे ते आपल्याला कळतं. एवढं सरळ सांगा. ते पटलं नाही तर आईंना काठावर बोलावू नका. त्यांचा मान त्यातच राहतो. होमस्टेमध्ये स्वयंपाकाचंही आधी बोलून ठेवा. कांदा-लसूण चालत नसेल तर स्पष्ट सांगा, आणि मासा ज्या भांड्यात शिजतो ते वेगळं आहे ना हे विचारायला संकोचू नका. पहाडी घरांमध्ये सोवळं-ओवळं पाळणारी माणसं भरपूर आहेत, त्यांना हे लगेच समजतं. सिड्डू मात्र आईंना आवर्जून खाऊ घाला, वाफवलेला, आत अक्रोड किंवा खसखस, वर घरचं तूप.

देवळालगतच्या डोहात विचारल्याशिवाय गळ टाकू नका. हिमाचलात काही डोहांमधले मासे देवाचे मानले जातात आणि लोक त्यांना पीठ घालतात. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतही रॉड न्यायचा नाही. बाकी नदीवर मत्स्य विभागाचा परवाना लागतो. तो दिवसाच्या हिशेबाने मिळतो, आणि किती लांबीचा मासा ठेवता येतो, किती ठेवता येतात हे नियम तिथेच विचारून घ्या. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. मे त्यात येत नाही. होमस्टे ठरवतानाच मालकाला परवान्याचं आणि गाइडचं विचारा. ज्याला या दोन्हींची माहिती नाही, त्याची खोली कितीही सुंदर असली तरी तुमच्या कामाची नाही.

सुरक्षिततेबद्दल मी कडक आहे. जून 2014 मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे 24 विद्यार्थी बियासमध्ये वाहून गेले. फोटो काढायला ते धोंड्यांवर उतरले होते. तुम्ही त्याच रस्त्याने येणार आहात आणि औटच्या आसपास गाडी थांबवून पाण्यात पाय बुडवायचा मोह मुलांना होणारच. धरणाच्या खालच्या अंगाला कुणीही, एक मिनिटसुद्धा, पाण्यात उतरायचं नाही. तीर्थनवर धरण नाही, पण वर ढग गडगडले आणि पाण्याचा रंग बदलला, पाण्यात पालापाचोळा यायला लागला की लगेच वर यायचं. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात तुम्हीही जाऊ नका. पाणी बर्फाचं आहे, पाय बधिर होतात, तळाचे गोटे शेवाळलेले आहेत, आणि मे महिन्यात वेडर्सची, म्हणजे पाण्यात घालायच्या उंच जलरोधक पँटची, गरज नाही. जुने बूट आणि लोकरी मोजे पुरतात. पाऊस पडून तीर्थन गढूळ झाली तर एक दिवस थांबा, किंवा गुशैणीला तिला मिळणारी फलाचन बघा. कधीकधी ती आधी निवळते.

मुलांना काय? मुलगी 13 वर्षांची आहे, तिला पुण्याच्या सरावातच बरोबर घ्या. तिचा हात तुमच्यापेक्षा लवकर बसण्याची शक्यता आहे, कारण मुलं जोर लावत नाहीत. तिला हवं असेल तरच पहाटे उठवा. धाकट्याला मात्र रॉड देऊ नका. त्याला काठालगतच्या उथळ पाण्यातले दगड उलटून दाखवा. त्यांच्या खाली मेफ्लाय, स्टोनफ्लाय या किड्यांच्या अळ्या चिकटलेल्या दिसतील, आणि वाळूच्या कणांचं घर अंगावर बांधून फिरणाऱ्या कॅडिसफ्लायच्याही. पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्या सोडायला सांगा आणि तुमच्या डबीतली कुठली फ्लाय कुठल्या अळीसारखी दिसते ते त्याला जुळवू द्या. नंतर दगड होता तसा पालथा ठेवायचा. हे करणारं मूल कंटाळत नाही, आणि आज कोणती निम्फ बांधायची हे तोच तुम्हाला सांगतो. दोघांपैकी कुणीही लाइन फेकणाऱ्याच्या मागे उभं राहायचं नाही, आणि काठावर असेपर्यंत टोपी आणि चष्मा काढायचा नाही. गळ कातडीत गेला तर उलटा काटा दाबलेला असल्यामुळे सहज निघतो. डोळ्याजवळ गेला तर हात न लावता सरळ रुग्णालय गाठायचं.

सामान थोडंच घ्या. सरावासाठी रॉड लागणार, म्हणून एकच घ्या, नऊ फुटी, पाच नंबरचा, चार तुकड्यांचा, त्याच नंबरच्या तरंगणाऱ्या लाइनसह. तुकडे केल्यावर तो सत्तर सेंटिमीटरच्या आसपास होतो आणि मोठ्या बॅगेत तिरका मावतो. विमानात गळ आणि पकड हातातल्या सामानात ठेवू नका. रील महाग घ्यायचं कारण नाही, या आकाराच्या माशांसाठी ते फक्त लाइन गुंडाळायच्या कामाचं असतं. फ्लायचा मोठा संच मागवू नका. सहा-सात निम्फ, तीन-चार सुक्या (पाण्यावर तरंगणाऱ्या) फ्लाय, बाकी गाइडकडून तिथेच घ्या. त्याला कमाई होते आणि त्या पाण्यावर चालणाऱ्या फ्लाय तुमच्याकडे येतात. काही गाइड तुम्हाला स्पिनर देतील, पातं फिरणारा धातूचा गळ. त्याने मासा लवकर मिळतो हे खरं, पण तुम्हाला फ्लाय शिकायची आहे हे पहिल्याच फोनवर सांगा, म्हणजे तो त्या तयारीने येईल.

पैसे खर्च करायचेच असतील तर पोलराइज्ड चष्म्यांवर करा आणि दोन्ही मुलांसाठीही घ्या. पाण्यावरची चकाकी जाते, धोंड्यामागे उभा असलेला मासा दिसतो आणि डोळ्यांचं रक्षणही होतं. मे महिन्यात नदीकाठच्या खोल्या लवकर भरतात, त्यामुळे मार्चमध्येच फोन करा आणि खोलीपासून पाण्यापर्यंतची वाट आईंना उतरता येईल अशी आहे का, पायऱ्या किती, कठडा आहे का, हे विचारून घ्या. तिथली काही घरं नदीच्या पलीकडे आहेत आणि तिकडे तारेवरच्या पाळण्यात बसून जावं लागतं. मुलं खूश होतील, पण आईंना ते चालणार आहे का, हे खोली ठरवायच्या आधी त्यांनाच विचारा.